क्षेत्रफळावर गाडी चालत नाही

प्रति,
देशांचे आकार, रस्त्यांची अंतरं आणि इंधनाचे दर यांचे तुलना-तक्ते बनवणाऱ्या, छापणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या सर्व मंडळींस,

स. न. वि. वि.

तुमचे तक्ते मी नेमाने बघतो. एका देशाची बाह्यरेषा उचलून दुसऱ्यावर ठेवलेली असते, शेजारी दोन शहरांमधलं अंतर असतं, खाली पेट्रोलचा लिटरचा दर डॉलरमध्ये. चित्र सुबक असतं, आकडे बहुतेक वेळा बरोबरही असतात. भांडण चित्राशी नाही, त्याखाली लिहिलेल्या वाक्याशी आहे. ते वाक्य दोनपैकी एक असतं. एक तर ‘आमचा देश एवढा अवाढव्य, आम्हाला गाडी चालवावीच लागते, म्हणून इंधन स्वस्तच हवं’. नाही तर ‘ते दुप्पट दर मोजतात आणि चकार शब्द काढत नाहीत, मग तुम्हाला काय धाड भरली?’

मालवाहतुकीच्या डिझेलचा हिशेब ठेवणं हे माझं रोजचं काम. गाडी निघतानाचं किलोमीटर रीडिंग, आल्यावरचं रीडिंग, पंपाची बिलं, माल किती टन, परतीचं भाडं मिळालं की गाडी रिकामी आली, हे सगळे रकाने माझ्या वहीत आहेत. क्षेत्रफळाचा रकाना नाही. कुणी कधी मागितलाही नाही. तुमच्या तक्त्यांत मात्र आकारावरून अंतर, अंतरावरून खर्च आणि खर्चावरून तक्रार अशी साखळी सरळ ओढलेली असते, आणि तिची एकेक कडी ओढून पाहिली की हातात येते.

आधी नकाशाबद्दल, कारण तिथे तुम्ही खरोखर चांगलं काम केलं आहे. नकाशाकार मर्केटरने १५६९ साली आपला नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज चाललं तर त्याचा मार्ग कागदावर सरळ रेषेत पडावा, ही त्याची गरज होती आणि ती त्याने झकास भागवली. किंमत मोजली क्षेत्रफळांनी. विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतशी जमीन ताणली जाते. ६० अंशांवर लांबी दुप्पट दिसते आणि क्षेत्रफळ चौपट. म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीला येऊन बसतं. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे ३ कोटी ३ लाख चौरस किलोमीटर आणि ग्रीनलंड सुमारे २१ लाख ६६ हजार, म्हणजे चौदावा हिस्सा. रशियाही आफ्रिकेपेक्षा मोठा वाटतो, पण तो १ कोटी ७१ लाखांवर थांबतो. हे तुम्ही घरोघरी पोचवलंत. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाने डोक्यात घातलेलं चित्र तुमच्या सरकत्या बाह्यरेषांनी दुरुस्त केलं.

पण एक गोष्ट अजून राहून जाते. मोबाईलवरचे बहुतेक रस्त्यांचे नकाशे मर्केटरच्याच पद्धतीवर बेतलेले आहेत. झूम न बदलता नकाशा विषुववृत्तावरून जवळपास ६० अंशांवरच्या हेलसिंकीपर्यंत वर सरकवून बघा आणि कोपऱ्यातल्या मोजपट्टीवर नजर ठेवा. विषुववृत्तावर जेवढ्या बोटभर जागेत १०० किलोमीटर होते, तेवढ्याच जागेत हेलसिंकीला जेमतेम ५० उरतात. पट्टी हलत असते, पण बघतं कोण? माणसं बोटाने अंतर मोजतात आणि ‘इथून तिथे एवढंच तर आहे’ म्हणून मोकळी होतात. तुमच्या तक्त्यांत दोन वेगवेगळ्या अक्षांशांवरचे रस्ते शेजारी शेजारी ठेवताना हे बऱ्याचदा घडतं, आणि तिथे बाह्यरेषा दुरुस्त केल्याचा काही उपयोग होत नाही.

आता समजा आकार अगदी बिनचूक दाखवला. त्यावरून अंतर कळतं का?

चिली आणि झांबिया घ्या. चिली सुमारे ७ लाख ५६ हजार चौरस किलोमीटर, झांबिया सुमारे ७ लाख ५३ हजार. तुमच्या यादीत हे दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहतील. पण चिलीची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर आहे आणि सरासरी रुंदी १८० किलोमीटरच्या आसपास. गंमत पुढे आहे. पुएर्तो मोन्तहून दक्षिणेला जाणारा रस्ता व्हिला ओ’हिगिन्सला संपतो. त्यापुढे हिमनद्या आणि फ्योर्ड, म्हणजे जमिनीत खोल घुसलेले समुद्राचे अरुंद फाटे. देशाच्या दक्षिण टोकाकडच्या पुंता अरेनासला गाडीने जायचं तर चिलीच्या माणसाला चिलीच्याच एका भागातून दुसऱ्या भागात जायला अर्जेंटिनात शिरावं लागतं आणि पुन्हा बाहेर पडावं लागतं. नाही तर बोट. झांबियाचं दुखणं वेगळं. काँगोच्या हद्दीचा एक पट्टा त्या देशाच्या पोटात शिरलेला आहे. तांब्याच्या खाणींच्या भागातून पट्ट्यापलीकडच्या लुआपुला प्रांतात जायचं असेल तर जवळचा रस्ता परक्या देशातून जातो आणि आपल्याच हद्दीतून जायचं म्हटलं की भला मोठा वळसा पडतो. क्षेत्रफळ जवळजवळ सारखं, पण दोन्हीकडच्या चालकांच्या अडचणींचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही.

आणि रस्ताच नसेल तर? ज्या ग्रीनलंडवरून तुम्ही इतकी वर्षं आकाराचा धडा देता, तिथे एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला मोटाररस्ते जवळपास नाहीतच. बोट, विमान, हेलिकॉप्टर किंवा बर्फावरची गाडी. अलास्का १७ लाख चौरस किलोमीटरचं आणि त्याची राजधानी जुनो ही रस्त्याने बाकीच्या अलास्काशी जोडलेलीच नाही. सैबेरियातल्या नोरिल्स्कला उरलेल्या रशियातून रस्ता जात नाही. पेरूतल्या इकितोसला लाखोंची वस्ती आहे, तिथेही नदीने किंवा विमानानेच पोचता येतं. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये दारियेनचं जंगल आहे. दोन्ही अमेरिका खंडांतून जाणारा महामार्ग तिथे सुमारे १०० किलोमीटर तुटतो. नकाशावर जमीन सलग दिसते. चाकांना ती सलग नाही.

रस्ता असला तरी तो किती वाकडा हा प्रश्न उरतोच. आमच्या धंद्यात हवाई अंतराला कुणी विचारत नाही, पण तुमच्यासाठी दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. पर्थ ते सिडनी हवाई अंतर ३,३०० किलोमीटरच्या आत आणि रस्त्याने ३,९००च्या आसपास, म्हणजे साधारण सव्वापटीच्याही आत. वाटेत एअर महामार्गावर सुमारे १४६ किलोमीटरचा तुकडा असा आहे की स्टिअरिंग वळवायची वेळच येत नाही. दुसरीकडे नॉर्वेत क्रिस्तियानसांडहून त्रोनहाइमला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा ई-३९ रस्ता घ्या. हवाई अंतर ६०० किलोमीटरच्या आसपास, रस्ता सुमारे १,१०० किलोमीटरचा, त्यात सात ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवायची, आणि एकूण वेळ जवळपास २१ तास. ताशी सरासरी ५२ किलोमीटर पडते. ऑस्ट्रेलिया नॉर्वेच्या वीस पटींनी मोठा असेल. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या चालकाला त्याचं काय?

इथे कुणीतरी म्हणेल, ठीक आहे, ही टोकाची उदाहरणं झाली, पण ढोबळमानाने मोठा देश म्हणजे लांब प्रवास हे खरंच ना? माझं म्हणणं, नाही. या एका समजुतीसाठीच मी हे पत्र लिहायला घेतलं.

देशाच्या कडा कुठे आहेत यावर माणसाचा रोजचा प्रवास ठरत नाही. माणसं कुठे राहतात आणि त्यांचं काम, बाजार, दवाखाना, शाळा कुठे आहे यावर ठरतो. इजिप्त दहा लाख चौरस किलोमीटरचा, पण तिथली जवळपास ९५ टक्के माणसं नाईलच्या काठाने आणि तिच्या त्रिभुज प्रदेशात, म्हणजे देशाच्या पाचेक टक्के जमिनीवर राहतात. मंगोलिया साडेपंधरा लाखांचा. निम्म्याच्या आसपास लोक उलानबातरमध्ये. कॅनडातली बहुतांश वस्ती अमेरिकेच्या सीमेला धरून दीडदोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध वाळवंट आहे म्हणून मेलबर्नच्या माणसाला ऑफिसला पोचायला उशीर होत नाही. घर किती चौरस फुटांचं आहे यावरून त्यातला माणूस दिवसाला किती पावलं चालतो हे कुणी सांगायला जात नाही, देशाच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत सांगतो.

अंतर ठरवणारी मोजणी बघायची असेल तर देश सोडा, शहर घ्या. १९९०च्या सुमारास अटलांटा आणि बार्सिलोना या दोन शहरांची लोकसंख्या पंचवीस ते अठ्ठावीस लाखांच्या घरात, म्हणजे जवळपास सारखी होती. बार्सिलोनाचा वस्तीचा भाग होता १६२ चौरस किलोमीटर. अटलांटाचा ४,२८०. शहरातल्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर बार्सिलोनात ३७ किलोमीटर, अटलांटात १३७. हा फरक अमेरिका मोठी आणि स्पेन लहान म्हणून पडला का? अमेरिकेत जागा भरपूर होती हे खरं, पण नुसती मोकळी जागा शहराला पसरायला लावत नाही. घरं कुठे आणि दुकानं कुठे हे वेगळं करणारे नियम, शहराच्या पोटातून काढलेले महामार्ग, प्रत्येक इमारतीला सक्तीची पार्किंगची जागा, असे निर्णय माणसांनी घेतले. रशिया अमेरिकेच्या पावणेदोनपट आहे. तिथे दरडोई गाड्या अमेरिकेच्या निम्म्यासुद्धा नाहीत.

१९८९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जगातल्या ३२ शहरांची दाटी आणि तिथला दरडोई पेट्रोलचा खप यांची तुलना केली होती. विरळ वस्तीची अमेरिकन शहरं एका टोकाला, हाँगकाँग दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियन आणि युरोपीय शहरं मध्ये. त्या आलेखावर पुढे बरेच वाद झाले, उत्पन्न आणि इंधनाचा दर यांचा वाटा किती यावर अजूनही होतात. पण त्या वादात कुणीही देशाचं क्षेत्रफळ कारण म्हणून पुढे केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

याला जोडून एक जुनं निरीक्षण आहे, ते मला फार पटतं. १९७०च्या दशकात याकोव्ह झहावी यांनी आणि पुढे १९९४मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी मांडलं की माणूस रोज प्रवासाला साधारण तासभर देतो, मग तो पायी जाणारा असो की मोटारीने. ही सरासरी आहे, कुणा एकावर लादता येणार नाही. पण तिचा अर्थ बघा. रस्ता वेगवान झाला की माणूस वाचलेला वेळ खिशात टाकत नाही, घर लांब घेतो. म्हणजे किलोमीटर वाढतात ते रस्त्यामुळे, देश आहे तेवढाच राहतो. तुमच्या तक्त्यात हे येणार कसं? तिथे रस्त्याची लांबी कायम आणि माणूस तिच्यावर ठेवलेला.

मालाच्या बाबतीत मात्र मी थोडी माघार घेतो. माणूस घराजवळ काम शोधू शकतो, लोखंडाचं खनिज शोधू शकत नाही. लांबच्या मुलखात माल पोचवायचा तर देशाचा पसारा बोचतोच. ऑस्ट्रेलियात एका इंजिनामागे तीन ट्रेलर जोडून साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांबीच्या गाड्या चालवतात त्या काही हौसेने नाहीत. तरीही पसारा म्हणजे डिझेल असं सरळ समीकरण इथेही बसत नाही. मॉस्को ते व्लादिवोस्तोक रेल्वेने ९,२८९ किलोमीटर आहे आणि तिथला लांब पल्ल्याचा अवजड माल मुख्यतः रुळांवरून जातो. चिता ते खाबारोव्स्क हा रस्त्याचा तुकडा तर पूर्ण डांबरी झाला तोच २०१०मध्ये. जगातला सगळ्यात मोठा देश, आणि एकविसाव्या शतकाची दहा वर्षं उलटेपर्यंत त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत सलग डांबरी रस्ता नव्हता.

आता पैशांकडे येऊ. इथे माझा जीव जास्त अडकलेला आहे.

पहिलं म्हणजे, लिटरचा दर म्हणजे खर्च नव्हे. आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी जे उदाहरण देतो तेच इथे देतो. समजा माल ६०० किलोमीटरवर पोचवायचा आहे. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते. नवा माणूस सहाशेला चाराने भागतो, १५० लिटर म्हणतो आणि भाडं सांगून मोकळा होतो. पण परतीचा माल मिळाला नाही, गाडी रिकामी आली. रिकामी असताना ती ६ देते, म्हणजे आणखी १०० लिटर. एकूण २५० लिटर जळले, माल मात्र ६०० किलोमीटरच गेला. या कामापुरतं गाडीने लिटरला २.४ किलोमीटर दिले. पंपावरचा दर या सगळ्यात तसूभर बदललेला नाही. दुर्गम मुलखाला माल महाग पडतो त्यातलं एक मोठं कारण हे आहे: तिथे भरलेली गाडी जाते आणि तिथून आणायला काही नसतं. अंतर मोजताना परतीचं मोजा. तुमचे तक्ते बहुधा एकेरीच असतात.

दुसरं, मोजमाप. गॅलन दोन प्रकारचे आहेत: अमेरिकेचा ३.७८५ लिटरचा, ब्रिटनचा ४.५४६ लिटरचा. ‘गॅलनला ३० मैल’ म्हटलं तर अमेरिकन हिशेबाने लिटरला पावणेतेरा किलोमीटर होतात आणि ब्रिटिश हिशेबाने साडेदहाच्या जरा वर. एकच आकडा, गाडी वेगळी. हे लक्षात न घेता ‘त्यांच्या गाड्या किती कमी पितात’ असे निष्कर्ष काढलेले तक्ते मी पाहिलेत.

ॲव्हरेजच्या आकड्यानेही फसायला होतं. एका ट्रकचं ॲव्हरेज ५ वरून ६ झालं आणि एका मोटारीचं २० वरून २५. कुणाची बचत जास्त? बहुतेक जण मोटार म्हणतात, कारण पाच एकापेक्षा मोठे. हजार किलोमीटरला हिशेब लावा. ट्रकला आधी २०० लिटर लागायचे, आता १६७; तेहतीस वाचले. मोटारीला ५० लागायचे, आता ४०, दहाच वाचले. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं की गॅलनमागे किती मैल या पद्धतीमुळे लोक असे सर्रास फसतात. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, तिथे हा घोळ होत नाही. तुम्हीही तसंच लिहायला लागलात तर मी जाहीर आभार मानेन.

तिसरं, दरातला फरक येतो कुठून? कच्चं तेल जगभर साधारण एकाच बाजारभावाने फिरतं. पंपावर जो फरक दिसतो तो मुख्यतः कराचा, नाही तर सरकारने सोसलेल्या तोट्याचा. अमेरिकेचा केंद्रीय पेट्रोल कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि तो १९९३पासून वाढलेला नाही. लिटरला पाच सेंटसुद्धा होत नाहीत. राज्यांचे कर वेगळे. युरोपीय संघात पेट्रोलवर किमान अबकारी लिटरला ३५.९ युरोसेंट, आणि त्यावर मूल्यवर्धित कर. ‘मोठा, विरळ देश म्हणून कर कमी’ हे खरं असतं तर कॅनडात तो अमेरिकेहून कमी आणि ऑस्ट्रेलियात फार तर अमेरिकेइतका असायला हवा होता. कॅनडा तर अमेरिकेहून मोठा आणि कितीतरी विरळ. पण दोन्ही ठिकाणी कर अमेरिकेपेक्षा जास्त आहे. उलट कुवेत १७,८१८ चौरस किलोमीटरचा, एका दिवसात आडवा-उभा पालथा घालता येईल असा, आणि तिथलं पेट्रोल जगातल्या स्वस्तांपैकी एक. दर आकारावर ठरत नाही. सरकारने काय ठरवलं आणि जमिनीखाली काय सापडलं यावर ठरतो.

कराचा अजून एक परिणाम तुमच्या तक्त्यांत उलटा दिसतो. कच्चं तेल लिटरमागे दहा सेंटनी महागलं तर ती वाढ सगळीकडे जवळपास सारखीच येते. पण जिथे दर मुळात कमी तिथे टक्केवारी मोठी दिसते आणि जिथे कर भरपूर तिथे छोटी. मग ‘अमुक देशात इंधन भडकलं, तमुक देशात स्थिर’ असा मथळा पडतो. स्थिर कसलं, तिथला माणूस आधीपासूनच वर बसलाय. शिवाय तुम्ही सगळं डॉलरमध्ये मांडता. एखाद्या देशाचं चलन घसरलं की पंपावरचा आकडा न हलताही तो देश तुमच्या यादीत ‘स्वस्त’ होतो. तिथल्या माणसाला टाकी भरायला किती तास काम करावं लागतं हे मांडलंत तर यादीतले निम्मे क्रम उलटेपालटे होतील.

हाँगकाँग या यादीत कायम महागाच्या टोकाला असतं. ‘बिचारे’ म्हणून लोक पुढे पाठवतात. तिथे रोजच्या प्रवासातल्या सुमारे नव्वद टक्के फेऱ्या सार्वजनिक वाहनांनी होतात. बहुसंख्य लोकांना पंपावरचा दर ठाऊकही नसेल. लक्झेंबर्गची गोष्ट याच्या उलट. २,५८६ चौरस किलोमीटरचा देश, शेजाऱ्यांपेक्षा कर कमी, त्यामुळे पलीकडचे चालक आणि लांब पल्ल्याचे ट्रक तिथे टाकी भरून पुढे जातात. आकडेवारीत मात्र ते सगळं इंधन लक्झेंबर्गच्या रहिवाशांच्या नावावर पडतं आणि दरडोई खपात हा चिमुकला देश भल्याभल्यांना मागे टाकतो. तुमच्यापैकी कुणीतरी त्यावरून ‘लहान देश, पण गाड्यांचा नाद मोठा’ असं लिहिणार, हे ठरलेलं.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडायला हवं तो माणूस देशाच्या सरासरीत सापडतच नाही. १७ नोव्हेंबर २०१८ला फ्रान्समध्ये पिवळी जाकिटं घालून लोक चौकाचौकात उभे राहिले. गाडीत ठेवणं कायद्याने सक्तीचं असलेलंच जाकीट ते. त्यामुळे प्रत्येकाकडे होतंच. ठिणगी होती डिझेल-पेट्रोलवरच्या वाढत्या कराची. फ्रान्स काही अवाढव्य देश नाही. पॅरिसमधल्या मेट्रोने जाणाऱ्याला तो कर जाणवलाही नसेल. पण लहान गावांत आणि शहरांच्या बाहेरच्या कडेला राहणाऱ्याला कामासाठी, दवाखान्यासाठी, कागदपत्रांसाठी गाडीशिवाय पर्याय नव्हता, आणि डिझेलची गाडी घ्या असं त्याला वर्षानुवर्षं सरकारी धोरणानेच सुचवलं होतं. डिसेंबरात सरकारने जानेवारी २०१९ची वाढ मागे घेतली. त्या वर्षीच्या कुठल्याही तुलनेत फ्रान्सचा एकच ठिपका असणार, पॅरिस आणि ती गावं एकत्र घोटून काढलेला.

दुर्गम भागाला हा फटका दुहेरी बसतो, कारण तिथे किलोमीटर जास्त आणि लिटरही महाग. टँकर लांबून येतो, पंपावर खप थोडा, स्पर्धा नाही. ब्रिटनने हे ओळखून २०१२पासून स्कॉटलंडच्या बेटांसारख्या ठिकाणी लिटरमागे ५ पेन्सची सवलत दिली आणि २०१५मध्ये मुख्य भूमीवरच्या काही दूरच्या भागांनाही ती लागू केली. कॅनडाने इंधनावरच्या कार्बन कराच्या परताव्यात ग्रामीण कुटुंबांना १० टक्के जादा दिले आणि २०२४मध्ये ते २० टक्के केले. पुढे २०२५मध्ये तो करच ग्राहकांपुरता थांबवला, ती गोष्ट निराळी. या योजना चांगल्या की तोकड्या यावर वाद घाला. त्यांनी निदान देश सोडून गाव मोजलं.

तेव्हा माझी मागणी अशी. पुढचा तक्ता काढाल तेव्हा दोन देश घेऊ नका. एकाच देशातली दोन कुटुंबं घ्या, एक राजधानीतलं आणि एक शेवटच्या पंपापलीकडचं, आणि दोघांचे आठवड्याचे किलोमीटर, लिटर आणि मिळकतीतला वाटा शेजारी मांडा. मग तसंच दुसऱ्या देशात करा. दर कुठल्या तारखेचा, कर धरून की सोडून, गॅलन कुठला, फेरी एकेरी की जाऊन-येऊन, हे खाली बारीक अक्षरांत का होईना, पण लिहा. बाह्यरेषा एकमेकींवर ठेवायची हौस असेल तर जरूर ठेवा, मलाही ती चित्रं आवडतात. फक्त त्यांच्या शेजारी पंपाचं चित्र काढू नका. असा तक्ता बनवायला रीडिंग, बिलं आणि रिकाम्या फेऱ्यांचा हिशेब कसा लावायचा हे कुणाला समजून घ्यायचं असेल, तर आमच्यासारखी वही ठेवणारी माणसं प्रत्येक मालवाहतुकीच्या ऑफिसात बसलेली असतात. विचारा, सांगतील.

कळावे,
आपला,
डिझेलचा हिशेब ठेवणारा एक वाचक